पुलाच्या पलीकडचं एक मिनिट

मिलिंद,

तू गेल्याला आज चोवीस दिवस झाले. पेपरात तुझा फोटो आला होता, तो त्यांना कुणी दिला कुणास ठाऊक. तू टाय लावून हसतोयस आणि तुझ्या खांद्यावर कुणाचा तरी हात आहे, बाकीचं माणूस फोटोतून कापलेलं. हात माझा आहे, बांगडीवरून ओळखला. खाली तुझं नाव, वय, किती वर्षं विमानं चालवलीस, सगळं होतं. वयात एका वर्षाची चूक होती. ती कळवायला मी फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. ज्यांना तुझं वय हवं होतं त्यांना ते मिळालं. मला तुझ्याशी भांडायचंय, त्याला वय लागत नाही.

त्या दिवशी मी सातवीच्या वर्गात शिकवत होते. बोराजींचा फोन आला. तुमच्या कंपनीचे इंजिनियर, तुझं विमान तपासून देणारे. त्यांचं नाव तुझ्या तोंडून शंभरदा ऐकलं होतं, आवाज पहिल्यांदा ऐकत होते. म्हणाले, "दीदी, जहाज पहुँचा नहीं है।" मी अगदी निश्चिंत. म्हटलं, "तो वापस आ गया होगा. वो तो हमेशा वापस आ जाता है।" ते मग म्हणाले, "वापस भी नहीं आया।"

मी वर्गात परत गेले आणि फळ्यावरचं गणित पूर्ण केलं. मुलांकडून उत्तर वाचून घेतलं. मग मोठ्या बाईंना सांगून घरी आले. हे मी कुणाला सांगत नाही, लोकांना वाटेल बाईला काळीज नाही. पण तुला माहीत आहे, आपण दोघं कोणत्या घरात वाढलो ते.

दोन दिवस डोंगरावरचा ढग हलला नाही. हेलिकॉप्टर जायचं आणि काही न दिसता परत यायचं. तिसऱ्या दिवशी लाकडं तोडायला गेलेल्या दोघांना विमानाचं शेपूट दिसलं. छोटंसं, एका इंजिनाचं विमान, मागे तांदूळ, मीठ, औषधांची खोकी, आणि पुढे तू एकटा. तांदूळ उतारावर लांबपर्यंत सांडला होता म्हणे. पेटी बंद होऊनच आली. उघडू नका म्हणाले, आम्ही उघडली नाही. आईनं वर हात ठेवला आणि विचारलं, "हाच आहे ना?" तुझे दाजी हो म्हणाले. दाजी कधी खोटं बोलत नाहीत, त्यामुळे तिनं ऐकलं.

आता भांडण.

बाबा आपल्याला ताटावरून अर्धं जेवून उठू द्यायचे नाहीत. अभ्यास अर्धा नाही, केर अर्धा नाही, चित्र रंगवायला घेतलं तर आभाळसुद्धा कोपऱ्यापर्यंत रंगवायचं. आजोबा महूला पलटणीत होते, त्यांच्याकडून हे बाबांकडे आलं. एकदा तू चिडून विचारलंस, अर्धं सोडलं तर काय होतं? बाबा म्हणाले होते, "आपल्या माणसांना लोक आजवर अर्ध्यावरून उठवत आले. आपण आपल्या पायानं उठायचं नाही." मी तेव्हा बारा वर्षांची होते. ते वाक्य माझ्या अंगात गेलं ते गेलंच. तुझ्या अंगाला ते लागलंच नाही, किंवा लागलं तरी तू झटकून टाकलंस.

इंजिनियरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलंस. पुण्याची नोकरी सात महिन्यांत. तबला, ते तर सोडच. आणि मग वैशाली. पत्रिका वाटून झालेल्या, हॉल ठरलेला, आठ दिवस उरलेले, आणि तू स्वयंपाकघरात येऊन म्हणालास की मला हे जमणार नाही. बाबांनी तुझ्याकडे पाहिलं नाही. नातेवाइकांना फोन मी केले, एकेकाला, "नहीं जी, लडकी में कोई खराबी नहीं, हमारे में ही है" असं म्हणत. कारण विचारलं तर तू म्हणालास, "ताई, पुढचं काही दिसत नव्हतं." मी म्हटलं, लग्नात कुणाला दिसतं रे शहाण्या? दीड वर्ष तुझ्याशी बोलले नाही.

एक गोष्ट तुला सांगायची राहिली आहे, ती आत्ता सांगून टाकते. चार वर्षांपूर्वी इथेच इंदौरला, कृष्णपुऱ्याच्या होळकरांच्या छत्र्यांपाशी मला वैशाली भेटली. नवरा होता, एक गोड मुलगी होती. मी तोंड चुकवत होते, तीच पुढे आली. म्हणाली, "मिलिंदजींना सांगा, मी रागावलेली नाही. त्यांनी वेळेत सांगितलं." मी हो, सांगते म्हटलं आणि सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू बरोबर होतास असं झालं असतं, आणि मला ते नको होतं. बघ, तुझी बहीण अशी आहे.

मग तुला विमानं सापडली. इथल्याच क्लबात शिकलास, आणि पहिल्यांदा एक गोष्ट पूर्ण केलीस. बाबा तेवढं बघून गेले. मला वाटलं, चला, गाडी रुळावर आली. मोठ्या कंपनीत जाशील, एसीत बसलेली माणसं नेशील. तर तू गेलास त्या पूर्वेकडच्या डोंगरांत, मीठ आणि तांदूळ वाहायला. जिथे रस्ता पोचत नाही, तिथल्या चिमुकल्या पट्टीवर विमान उतरवायचं, माल उतरवायचा, परत यायचं. आईला तू फोनवर समजावायचास, "आई, मी किराणावाला आहे, उडता किराणावाला." ती सगळ्या मोहल्ल्याला तेच सांगायची.

सुट्टीवर आलास की तुझ्या खिशात डोंगरातल्या लोकांची यादी. एकदा शाळेच्या दाराची तुटलेली पितळी बिजागरी घेऊन आला होतास, तशीच हवी म्हणून. आपण दोघं सियागंजात दुकानं पालथी घालत फिरलो. दर दुकानदार म्हणायचा, "भिया, ये माल अब नहीं आता, ये दूसरा ले जाओ," आणि तू मान हलवून पुढे. ऊन मी म्हणत होतं, माझे पाय दुखत होते. शेवटी एका अंधाऱ्या गाळ्यात ती मिळाली, आणि तुझा चेहरा मुंज झालेल्या मुलासारखा झाला. आपल्यात मुंज नसते म्हणून चिडवलं तुला. तेव्हा मी विचारलं होतं, इथे कसा रे चिकाटीनं फिरलास, एरवी तर अर्ध्यातून पळतोस. रसाचा ग्लास तोंडाला लावून तू म्हणालास, "इथे रस्ता दिसत होता ना." मला ते उत्तर फाजीलपणाचं वाटलं होतं.

कारण विमानाचंही तुझं तेच. दर दोन-तीन फेऱ्यांतून एकदा तू अर्ध्यातून परत. खिंड दिसली नाही, वळलो. ढग आला, वळलो. तुमच्या कंपनीतले लोक तुला 'रिटर्न टिकट' म्हणतात हे तूच हसत हसत सांगितलंस. तुला त्याची लाज नव्हती. मला होती. शेजारच्या शुक्लाजी विचारायच्या, भैया कैसे हैं, तर मी म्हणायचे, मजेत आहे, डोंगरात विमान चालवतो. परत फिरतो हे गाळायचे.

आता ते मुख्य. मी गेले चोवीस दिवस त्याच्याभोवती फिरतेय, आणि लिहितानाही इतका वेळ टाळलं.

आईच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला तू येणार होतास. तिकीट काढलं होतंस. हवा बिघडली, तू तिकडेच अडकलास. ठीक आहे, तुझा दोष नाही. मी शाळेतून सुट्टी घेतली, दाजी बाहेरगावी, आईला एकटीनं नेलं, एकटीनं आणलं, दर तासाला डोळ्यात थेंब घातले. त्या संध्याकाळी तू एक व्हिडिओ पाठवलास, तिथल्या कुणीतरी खालून काढलेला. डोंगरातल्या पट्टीवर माणसं उभी आहेत, वर विमानाचा आवाज येतो, जवळ येतो आणि दूर जातो. एक बाई काहीतरी तावातावानं बोलते. खाली तू लिहिलंस, "ताई, ही मला शिव्या घालतेय. या आठवड्यात तिसऱ्यांदा परत आलो." पुढे दात काढणारा चेहरा. मी फोन लावला. त्या बाईची बाजू घेऊन तुला झोडपलं. औषधं होती ना त्यात, लोक वाट बघत होते ना? तू म्हणालास, हो, पण खिंड बंद होती. तेव्हा मी म्हटलं,

"मिलिंद, तू आयुष्यात एक तरी गोष्ट शेवटपर्यंत नेलीस का? आता विमानसुद्धा अर्ध्यातून परत आणायला लागलास."

तू मग म्हणालास, "बरं ताई. या वेळी पोचवूनच येतो."

आणि फोन ठेवलास. चौथ्या दिवशी बोराजींचा फोन.

हे वाक्य तू हसत म्हणालास की नाही, ते मला आठवत नाही. मी किती प्रयत्न केला. तुझा आवाज डोक्यात पुन्हा पुन्हा लावते, कधी हसू ऐकू येतं, कधी नाही. मी त्या वेळी आईच्या डोळ्याचं औषध शोधत होते, माझं लक्ष निम्मं तिकडे होतं. तुझं शेवटचं बोलणं मी अर्धवट ऐकलं.

पुण्यानुमोदनाला घर भरलं होतं. भंतेजींनी वंदना घेतली, आईनं पांढरी साडी नेसून सगळ्यांना हात जोडले, लोक एकेक करून बोलायला उठले. आणि काय सांगू तुला, एकेक जण माझ्या थोबाडीत मारून खाली बसत होता. नानाकाका उठले, आपल्या आजोबांपासून सुरू केलं, पलटण, शौर्य, आणि आवाज चढवून म्हणाले की आमचा मिलिंद मागे हटणारा नव्हता, सैनिकाचा नातू होता, मौत समोर दिसत असताना पुढे गेला. बायका डोळे पुसत होत्या. पेपरातही तेच होतं, खराब हवेत पुढे जाण्याचा निर्णय. मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि उगाच कांदे चिरत बसले. जेवणाला कांदे लागणार नव्हते. दाजी आत आले, म्हणाले, बाहेर ये, बरं दिसत नाही. मी त्यांना तेव्हाही सांगितलं नाही की मिलिंदला पुढे मी ढकललंय. आधी कुणी असं म्हटलं असतं तर मी खूश झाले असते, हे मला जास्त लागलं. चाळीस वर्षं मला तुझ्याबद्दल नेमकं हेच ऐकायचं होतं.

नंतरच्या रविवारी बोराजी आले. न कळवता, दोन दिवस रेल्वेनं प्रवास करून. मध्यम उंचीचा, कमी बोलणारा माणूस. सकाळी मी त्यांना पोहे-जलेबी खायला घेऊन गेले, कारण तू त्यांना म्हणाला होतास म्हणे की इंदौरला आलात तर ताई आधी खायला घालेल, मग बोलेल. त्यांनी पोह्यावरची शेव बाजूला काढून ठेवली, तिखट लागत होती. मग घरी येऊन आईच्या पाया पडले. तुझं घड्याळ, चष्मा आणि वही दिली. आई आत आडवी झाल्यावर मी दार लोटलं आणि सरळ विचारलं. त्यांच्यापुढे सगळं ओकले. व्हिडिओ, माझं वाक्य, तुझं वाक्य. म्हटलं, तुम्ही तिथे चढून गेला होतात, तुम्ही विमान पाहिलंत. सांगा, तो माझ्यामुळे पुढे गेला का?

त्यांनी कागद मागितला. मी शाळेच्या वहीतलं पान फाडून दिलं. त्यांनी नदी काढली, दोन्ही बाजूंना डोंगर, वर खिंड. नदीवर एक लोखंडी पूल. म्हणाले, हा कॅप्टन साहेबांचा पूल. कंपनीचा नियम वेगळा आहे, पण साहेबांचा स्वतःचा नियम असा की पुलावर आलो आणि खिंड दिसली नाही, तर तिथेच डावीकडे वळायचं. एक क्षण थांबायचं नाही. पुढे दरी अरुंद होत जाते, मग वळायला जागा राहत नाही. बाकीचे पायलट पुलाच्या पुढे जाऊन बघायचे, तू नाही. त्यांनी एवढ्या वर्षांत तू एकदाही पुढे गेल्याचं ऐकलं नव्हतं. आणि म्हणून, ते म्हणाले, साहेब विमान घेऊन गेले की मी जेवायला बसायचो. दुसऱ्यांच्या वेळी बसायचो नाही.

मिलिंद, मला हे कुणी आधी का नाही सांगितलं? तू तरी का नाही सांगितलंस असं बसवून, कागद घेऊन? सांगितलं असशीलही. मी ऐकलं नसेल.

मग त्यांनी कागदावर एक फुली मारली. फुलीला नाक काढलं, विमानाचं. नाक खाली, नदीच्या वाहण्याच्या दिशेला होतं. डावा पंख डोंगरात. "दीदी," ते म्हणाले, "वो आगे नहीं जा रहे थे। वो लौट रहे थे।"

मी रडले. चोवीस दिवसांत एकदाच, तेव्हा. दारामागून आईनं विचारलं काय झालं, मी म्हटलं काही नाही. बोराजी कागदाकडे बघत बसून होते. मला इतकं हलकं वाटलं की लाज वाटली, भाऊ मेलाय आणि मला हलकं वाटतंय.

पण मी गणित शिकवते. डोळे पुसून मी कागद पुन्हा बघितला आणि विचारलं, ही फुली पुलाच्या अलीकडे का नाही?

ते म्हणाले, थोडं पुढे आहे. मी विचारलं, थोडं म्हणजे किती. म्हणाले, "एक मिनट का रास्ता। उससे ज्यादा नहीं।" मग घाईघाईनं म्हणाले, तिथे असं होतं दीदी, ढग मध्येच फाटतो, खिंड स्वच्छ दिसते, माणूस पुढे जातो आणि ढग पुन्हा मिटतो. कुणाहीबरोबर होतं. साहेबांनी चूक केली असं कुणी म्हणणार नाही. मी हो म्हटलं. संध्याकाळच्या गाडीनं ते गेले.

आईला मी सांगितलं की तो परत येत होता. ती म्हणाली, "मग? परतच येतो तो." एवढंच. तिला तुझ्याबद्दल नवीन काही कळलं नव्हतं.

नानाकाकांनाही फोन केला. म्हटलं, काका, तुमचं भाषण चुकलं, मिलिंद परत फिरला होता. ते दचकले. म्हणाले, असं लोकांत बोलू नकोस, बाई, बरं दिसत नाही. मी म्हटलं, बोलणार. शुक्लाजींना सांगितलं, शाळेत सगळ्या बायांना सांगितलं, की माझा भाऊ हुशार होता, दिसलं नाही की वळायचा, आणि त्या दिवशीही वळला होता. बाबा असते तर त्यांच्याशीही भांडले असते. लोकांनी उठवलं म्हणून उठणं वेगळं आणि समोर डोंगर आहे म्हणून वळणं वेगळं, हे मला पन्नाशीला आल्यावर समजलं.

पण ते एक मिनिट मी कुणाला सांगितलेलं नाही. आईला नाही, दाजींनाही नाही. ते फक्त तुला आणि मला माहीत आहे, आणि तुला जास्त. ढग फाटला असेल. खरंच फाटला असेल, बोराजी खोटं बोलणारे वाटले नाहीत. किंवा पूल विमानाखाली आला तेव्हा तुझ्या कानात मी बोलत असेन, तू आयुष्यात एक तरी गोष्ट, असं, आणि तू म्हणाला असशील, बरं, जरा पुढे बघू. यातलं कोणतं, ते मला या जन्मात कळणार नाही. मन म्हणतं, ढगच होता, असं धरून चाल, झोप तरी लागेल. नाही धरणार. तुझ्याबाबतीत मी आयुष्यभर मला हवं तेच धरून चालले.

चुकलं माझं, मिलिंद. ती औषधं दुसऱ्या दिवशी गेली असती. ती बाई आणखी ओरडली असती, तू मला आणखी एक व्हिडिओ पाठवला असतास, मी पुन्हा फोन करून तुला वाट्टेल ते बोलले असते. बोलू द्यायचं होतंस. माझं ऐकायचं नव्हतंस रे, कधी ऐकलंस आजपर्यंत? पुलावरून वळून यायचं होतंस. अर्ध्यातून, सगळा माल तसाच घेऊन.

तुझी,
ताई